जमाखर्चाच्या वहीपासून मोबाइलपर्यंत : शेतीच्या आकड्यांचे विश्लेषण आता आपल्या हाती



गेल्या उन्हाळी हंगामात आपला एक क्विंटल कांदा तयार होण्यास किती रुपये खर्च आला, हे आपणास सांगता येईल काय? कांदा काय भावाने गेला हे बहुतेक जण चटकन सांगतात. एकरी किती क्विंटल निघाला हेही सांगतात. खर्चाचा आकडा विचारला की मात्र 'साधारण', 'अंदाजे' अशी उत्तरे येतात. दोन तुकड्यांत कांदा असेल तर कोणत्या तुकड्याने पैसे दिले आणि कोणत्या तुकड्याने खाल्ले, या प्रश्नाला बहुधा उत्तरच मिळत नाही.

आपल्याशी व्यवहार करणाऱ्यांची स्थिती अशी नसते. व्यापाऱ्याजवळ रोजच्या आवकेचे आणि भावाचे आकडे असतात. साखर कारखान्याजवळ प्रत्येक गटाची लागण, जात आणि वजन यांची नोंद असते. बँक आणि विमा कंपनी तर आकड्यांवाचून पाऊलच टाकत नाहीत. व्यवहारात ज्याच्याजवळ आकडा असतो त्याची बाजू वरचढ ठरते. म्हणूनच आकड्यांचे विश्लेषण ही फक्त मोठ्या उद्योगांची गोष्ट न राहता दोन-चार एकरांच्या शेतकऱ्याचीही व्हावयास हवी. पूर्वी ते अवघड होते, आज राहिलेले नाही. हे कसे घडले आणि त्याचा उपयोग आपण कसा करून घ्यावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

विश्लेषण म्हणजे काय?

नाव मोठे असले तरी काम चार पायऱ्यांचे आहे. पहिली पायरी नोंद, म्हणजे घडले ते त्याच दिवशी लिहिणे. दुसरी मांडणी, म्हणजे लिहिलेले पीकवार, तुकडावार आणि बाबवार लावणे. तिसरी तुलना : या तुकड्याची त्या तुकड्याशी, या वर्षाची गेल्या वर्षाशी, आपल्या भावाची बाजारभावाशी. चौथी पायरी निर्णय, म्हणजे पुढच्या हंगामात काय चालू ठेवावे, काय बदलावे आणि काय सोडावे. यंत्रे दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीचे काम करतात. पहिली आणि चौथी पायरी पूर्वीही शेतकऱ्याची होती व आजही त्याचीच आहे.

हे शास्त्र वाढले शेतातच

आज कारखाने, बँका आणि दुकाने ज्या सांख्यिकी पद्धती वापरतात, त्यांतील अनेक महत्त्वाच्या पद्धतींचा जन्म शेतात झाला. इंग्लंडमधील रोथॅमस्टेड येथे १८४३ पासून गव्हाच्या एकाच शेतावर खतांचे प्रयोग चालू आहेत. तेथे अनेक दशकांचे आकडे साठले होते. त्यांतून निष्कर्ष काढणारा माणूस नव्हता. १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हे गणितज्ञ तेथे रुजू झाले. उत्पादनातील फरक खतामुळे पडला की जमीन व पावसाच्या चढउतारामुळे, हे वेगळे करून दाखविण्याची रीत त्यांनी बसविली. एकच उपचार अनेक वाफ्यांत पुन्हा पुन्हा घेणे, आणि कोणत्या वाफ्यात कोणता उपचार द्यावयाचा हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरविणे, ही दोन तत्त्वे त्यांनी रूढ केली. १९२५ आणि १९३५ मधील त्यांच्या दोन ग्रंथांमुळे ती जगभर पसरली. ही सर्व आकडेमोड त्यांनी हाताने फिरवावयाच्या गणनयंत्रावर केली, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकाता येथे भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली. बंगालमधील ताग पिकाच्या पाहणीत त्यांनी नमुना पाहणीचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी पीक कापणी प्रयोगाची शास्त्रशुद्ध पद्धत देशभर रुजविण्यात मोठा वाटा उचलला. त्यांनी आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी मिळून लिहिलेला कृषी सांख्यिकीवरील ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने प्रसिद्ध केला. कृषी पदवीधरांच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या आहेत. सगळे शेत न मोजता योग्य रीतीने निवडलेल्या थोड्या जागा मोजल्या तरी साऱ्या शेताचा भरवशाचा अंदाज येतो, हे या पद्धतीचे सार आहे. त्याचा उपयोग आपल्या कांदाचाळीत कसा होतो, ते पुढे पाहू.

महाराष्ट्रातील जुनी परंपरा

शेती हा एक व्यवसाय आहे आणि त्याचा ताळेबंद मांडता येतो, हा विचारही आपल्याकडे नवा नाही. पुणे कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी पुण्याजवळील एका गावातील जमीन, कर्ज आणि कुटुंबांचे उत्पन्न यांचा घरोघर हिशेब घेऊन १९१७ मध्ये तो प्रसिद्ध केला. प्रा. धनंजयराव गाडगीळ यांच्या गोखले संस्थेने वाई तालुक्यातील शेती-व्यवसायाची पाहणी केली. तिचा अहवाल १९४० मध्ये निघाला. पुढे १९५४-५५ पासून तीन वर्षे केंद्र सरकारच्या शेती व्यवस्थापन अभ्यासात त्या वेळच्या मुंबई राज्यातील अहमदनगर व नाशिक हे जिल्हे घेण्यात आले.

१९७०-७१ पासून प्रमुख पिकांच्या लागवड खर्चाचा अभ्यास करणारी देशव्यापी योजना सुरू झाली. महाराष्ट्रात ती महात्मा फुले कृषी विद्यापीठ, राहुरी यांच्यामार्फत राबविली जाते. किमान आधारभूत किमतीच्या चर्चेत 'ए-२', 'सी-२' हे शब्द आपण ऐकतो, ते याच आकड्यांतून येतात. 'ए-२' म्हणजे प्रत्यक्ष चुकविलेला खर्च. त्यात घरच्या माणसांची मजुरी धरली की दुसरा आकडा तयार होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलावरील व्याजही मिळविले की 'सी-२' होतो. २०१८-१९ पासून सरकार जी दीडपट हमी किंमत सांगते, ती दुसऱ्या आकड्याच्या दीडपट आहे, 'सी-२' च्या नव्हे. हा फरक ज्याला कळतो त्यालाच आपले म्हणणे नेमके मांडता येते.

या सर्व कामात एक उणीव राहिली. आकडे शेतकऱ्याच्या घरून गोळा झाले, पण त्यांचे विश्लेषण पुणे, राहुरी आणि दिल्ली येथे झाले. निष्कर्ष अहवालात छापले गेले. ज्याचा आकडा त्याच्याच निर्णयाला तो उपयोगी पडण्याचे प्रसंग थोडे आले. याचे कारण उघड होते. आकडेमोड करण्याची साधने महाग होती आणि ती चालविणारे लोक मोजके होते.

यंत्रे स्वस्त कशी झाली?

१९७० पर्यंत संगणक ही खोली व्यापणारी वस्तू होती. ती मोठ्या संस्था व कंपन्यांनाच परवडत असे. व्यवस्थापकाला एखादा प्रश्न पडला तर तो संगणक विभागाकडे पाठवावा लागे आणि उत्तर येण्यास अनेक दिवस जात.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोन अमेरिकी तरुणांनी 'व्हिसीकॅल्क' नावाची संगणकीय खतावणी बाजारात आणली. आडव्या-उभ्या रेघांचे चौकोन, आणि एका चौकोनातील आकडा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सारे आकडे आपोआप बदलणार, एवढीच तिची करामत होती. पण त्यामुळे मोठी गोष्ट साधली. 'भाव दोनशेने उतरला तर काय होईल?', 'मजुरी वाढली तर?' असे प्रश्न दुकानदारालाही स्वतःच विचारता येऊ लागले. १९८३ मधील 'लोटस' आणि १९८५ पासूनचे 'एक्सेल' ही त्याच कल्पनेची पुढची रूपे आहेत. आज अशी खतावणी साध्या स्मार्टफोनवर विनामूल्य मिळते व तीत मराठीतही लिहिता येते.

आपल्याकडील उदाहरण वारणेचे आहे. १९९८ मध्ये कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांत संगणक केंद्रे बसवून ती वारणा साखर कारखान्याशी जोडण्यात आली. ऊस उत्पादकाला आपल्या उसाची नोंद, वजन आणि बिल यांची माहिती गावातच मिळावी, हा हेतू होता. संगणकांची देखभाल खर्चाची ठरू लागली. तेव्हा २००७ च्या सुमारास काही गावांत तीच माहिती साध्या मोबाइलवर लघुसंदेशाने देण्याचा प्रयोग झाला. शेतकऱ्याला यंत्र भारी हवे असते असे नाही, त्याला आपला आकडा वेळेवर हवा असतो, हे त्यावरून दिसून आले.

बाजारभावाच्या बाबतीतही असेच झाले. २००० मध्ये सुरू झालेल्या 'ॲगमार्कनेट' योजनेमुळे बाजार समित्यांची आवक व भाव संगणकावर पाहता येऊ लागले. २०१६ मध्ये 'ई-नाम' आले. निर्यातीच्या द्राक्षासाठी २००६ पासून 'ग्रेपनेट' वर बागेची नोंदणी व उर्वरित अंश तपासणीची माहिती ठेवली जाते. २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतःच्या मोबाइलवरून पिकाची नोंद करतो. पूर्वी ज्या माहितीसाठी खेटे घालावे लागत, ती आज खिशात आहे. उणीव आहे ती आपल्या स्वतःच्या शेताच्या नोंदीची.

कोणत्या नोंदी ठेवाव्यात?

पुढील पाच नोंदी पुरेशा आहेत. त्या वहीत ठेवल्या तरी चालतील, मोबाइलवर ठेवल्या तरी चालतील.

१. तुकड्याची नोंद : प्रत्येक तुकड्याला नाव द्यावे व त्याचे क्षेत्र गुंठ्यांत लिहावे. पीक, जात, लागवडीची तारीख आणि माती परीक्षणाचा निष्कर्ष त्यासमोर मांडावा.

२. खर्चाची नोंद : तारीख, तुकडा, बाब, परिमाण आणि रक्कम. खत 'दोन पोती' असे न लिहिता कोणते व किती किलो ते लिहावे. एकाच पावतीवर दोन तुकड्यांचे खत आणले असेल तर वाटणी त्याच दिवशी करावी.

३. मजुरीची नोंद : रोजंदारीने किती माणसे लावली, उक्ते काम किती रुपयांना दिले आणि घरची किती माणसे किती दिवस राबली. घरच्या स्त्रियांचे काम बहुधा नोंदीतून सुटते. ते आवर्जून लिहावे.

४. उत्पादनाची नोंद : प्रत्येक तुकड्याचा माल वेगळा मोजावा. ट्रॉली किंवा गोणी हे माप धरू नये, कारण ते प्रत्येक वेळी वेगळे भरते. वजन क्विंटलमध्ये लिहावे.

५. विक्रीची नोंद : बाजार समितीची हिशेबपट्टी जपून ठेवावी. तिच्यातील वजन, भाव, हमाली, तोलाई व वाहतूक वेगवेगळे लिहावे. सर्व वजा जाता क्विंटलला हाती काय पडले, तो खरा भाव समजावा. त्याच दिवशीचा त्याच बाजाराचा किमान, कमाल व सर्वसाधारण भावही शेजारी टिपून ठेवावा.

उदाहरण पहिले : सरासरीत दडलेला तोटा

समजा, एका शेतकऱ्याने एक एकर विहिरीजवळ व एक एकर माळावर असा दोन एकर उन्हाळी कांदा केला. सर्व खर्च वजा जाता त्याला शेतावर क्विंटलला १,१०० रुपये पडले. त्याच्या नोंदी अशा आहेत. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. आपण त्या जागी आपले आकडे घालावेत.

तक्ता क्र. १ (रुपये, प्रति एकर)

| बाब | विहिरीजवळ | माळावर |
|---|---|---|
| रोपे | ८,००० | ८,००० |
| पूर्वमशागत | ७,००० | ६,००० |
| शेणखत व रासायनिक खते | १६,००० | १९,००० |
| लागवड | १३,००० | १३,००० |
| खुरपणी व तणनाशक | ८,००० | ११,००० |
| कीड-रोग नियंत्रण | ७,००० | ९,००० |
| पाणी देणे, पंपदुरुस्ती | ५,००० | ४,००० |
| काढणी व कापणी | १६,००० | १२,००० |
| चुकविलेला खर्च | ८०,००० | ८२,००० |
| घरची मजुरी | १०,००० | १०,००० |
| एकूण खर्च | ९०,००० | ९२,००० |
| उत्पादन (क्विंटल) | १०० | ७५ |
| क्विंटलला खर्च | ९०० | १,२२७ |
| नफा (+) / तोटा (−) | +२०,००० | −९,५०० |

दोन्ही तुकड्यांचा हिशेब एकत्र केला तर १७५ क्विंटलला १,८२,००० रुपये खर्च, म्हणजे क्विंटलला १,०४० रुपये. एकूण १०,५०० रुपये नफा दिसतो. शेतकरी समाधान मानतो आणि पुढील वर्षी पुन्हा दोन्हीकडे कांदा लावतो. तुकडावार हिशेब वेगळे सांगतो. विहिरीजवळच्या तुकड्याने मिळविलेल्या २०,००० रुपयांपैकी ९,५०० रुपये माळाच्या तुकड्याने खाल्ले. घरची मजुरी न धरता पाहिले तर माळावर हाती राहिले ५०० रुपये. म्हणजे घरची माणसे त्या एकरात हंगामभर राबली ती ५०० रुपयांसाठी.

आता पुढचा प्रश्न विचारावा : माळावर जादा पैसा कोठे गेला? खते, खुरपणी आणि औषधे या तीन बाबींवर मिळून तेथे ८,००० रुपये जास्त लागले आणि कांदा २५ क्विंटल कमी निघाला. याचा अर्थ तेथे आणखी खत टाकून भागणार नाही. माती परीक्षण, पाण्याची पाळी, निचरा, फुलकिडे व करपा यांपैकी नेमके कारण शोधावे लागेल. तोटा होऊ नये म्हणून त्या एकरात किती उत्पादन हवे, हेही काढता येते : ९२,००० भागिले १,१००, म्हणजे सुमारे ८४ क्विंटल. एवढे उत्पादन तेथे येण्याजोगे नसेल तर त्या तुकड्यात हरभऱ्यासारखे कमी खर्चाचे पीक घेऊन पाहावे.

उदाहरण दुसरे : विकावा की चाळीत भरावा?

दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत हा प्रश्न पडतो. भाव चढला म्हणजे फायदा झाला असे आपण मानतो. समजा, मे महिन्यात १०० क्विंटल कांद्याचे १,१०० रुपये भावाने १,१०,००० रुपये मिळत होते. तो न विकता चार महिने चाळीत ठेवला. चाळीची झीज, भरणी, निवड यांसाठी १०,००० रुपये धरले. अडकलेल्या रकमेवर दरसाल १२ टक्क्यांनी चार महिन्यांचे व्याज ४,४०० रुपये होते. म्हणजे चार महिन्यांनंतर किमान १,२४,४०० रुपये यावयास हवेत. परंतु विकावयास १०० क्विंटल शिल्लक नसतात.

तक्ता क्र. २

| वजनातील घट व सड | विक्रीयोग्य कांदा | तोटा न होण्यासाठी लागणारा भाव |
|---|---|---|
| २० टक्के | ८० क्विंटल | १,५५५ रुपये |
| ३० टक्के | ७० क्विंटल | १,७७७ रुपये |
| ४० टक्के | ६० क्विंटल | २,०७३ रुपये |

सप्टेंबरमध्ये भाव १,५०० झाला तर क्विंटलला ४०० रुपये वाढले असे वाटते. पण ३० टक्के घट झालेली असेल तर हाती १,०५,००० रुपये येतील. त्यातून चाळीचे १०,००० वजा केले की ९५,००० उरतील. मे महिन्यात विकण्यापेक्षा हे १५,००० रुपयांनी कमी आहेत, आणि व्याज अजून धरलेले नाही.

येथे सर्वांत महत्त्वाचा आकडा घटीचा आहे, आणि तो प्रत्येक चाळीचा वेगळा असतो. डॉ. सुखात्मे यांच्या नमुना पद्धतीचा उपयोग येथे करावा. चाळ भरताना जाळीच्या आठ-दहा पिशव्यांत प्रत्येकी २० किलो कांदा मोजून भरावा. त्या पिशव्या चाळीच्या दोन्ही टोकांना, मध्यभागी, वरच्या व खालच्या थरांत ठेवाव्यात आणि जेथून त्या काढून पुन्हा ठेवता येतील अशी सोय करावी. दर पंधरा दिवसांनी सडलेला कांदा काढून त्यांचे वजन घ्यावे. दहा पिशव्यांतील २०० किलोंचे १७० किलो राहिले असतील तर चाळीतील घट सुमारे १५ टक्के झाली असे समजावे. त्या दिवशीच्या घटीवरून लागणारा भाव काढावा आणि बाजारातील सर्वसाधारण भावाशी ताडून पाहावा. विक्रीचा निर्णय मग अफवेवर घ्यावा लागत नाही.

संगणकीय खतावणीचा फायदा येथे दिसतो. साठवलेला कांदा, आजचा भाव, चाळीचा खर्च, व्याज आणि घट हे पाच आकडे पाच चौकोनांत भरावेत. सहाव्या चौकोनात 'बरोबर' चे चिन्ह देऊन सूत्र एकदाच लिहावे. त्यानंतर घटीचा आकडा बदलला की लागणारा भाव आपोआप बदलतो. सूत्र लिहिणे जमत नसल्यास घरातील शाळा-महाविद्यालयात जाणाऱ्या मुला-मुलींची मदत घ्यावी.

उदाहरण तिसरे : नवे औषध खरोखर उपयोगी आहे काय?

दुकानात नवे टॉनिक येते. शेजाऱ्याने फवारले आणि त्याचे पीक चांगले आले, म्हणून आपणही घेतो. पण पीक टॉनिकमुळे चांगले आले की त्याच्या जमिनीमुळे? फिशर यांची रीत घरच्या घरी वापरून याचे उत्तर मिळविता येते. एकाच तुकड्यात सारख्या मापाच्या, एक-एक गुंठ्याच्या आठ पट्ट्या आखाव्यात व शेजारच्या दोन-दोन पट्ट्यांच्या चार जोड्या कराव्यात. प्रत्येक जोडीतील कोणत्या पट्टीत फवारावयाचे हे नाणे उडवून ठरवावे. चांगली दिसणारी पट्टी मुद्दाम निवडू नये. बाकी सर्व मशागत सारखी ठेवावी आणि प्रत्येक पट्टीचा माल वेगळा मोजावा.

समजा, चार जोड्यांत फवारलेल्या पट्टीचे उत्पादन अनुक्रमे १२ किलो जास्त, ४ किलो कमी, ९ किलो जास्त व ६ किलो कमी आले. सरासरी वाढ पावणेतीन किलो दिसते. पण दोनदा वाढ व दोनदा घट झाली आहे, तेव्हा या वाढीवर विसंबून पैसे घालू नयेत. याउलट ९, ७, ११ आणि ८ किलो अशी चारही जोड्यांत वाढ आली तर तिच्यात तथ्य असण्याची शक्यता बरीच आहे. तिची सरासरी पावणेनऊ किलो होते. किलोला ११ रुपये धरल्यास गुंठ्याला सुमारे ९६ रुपये जादा येतील. फवारणीचा खर्च गुंठ्याला ६० रुपये असेल तर ती परवडते. १०० रुपये असेल तर उत्पादन वाढूनही परवडत नाही.

घ्यावयाची खबरदारी

१. आठवणीने भरलेली नोंद नोंद नव्हे. आठवड्याने लिहिताना मोठे खर्च आठवतात, लहान विसरतात. आकडा मुळात चुकला तर कितीही चांगले यंत्र त्यातून खरे उत्तर काढू शकत नाही.

२. एका वर्षाच्या आकड्यावरून पीक सोडू किंवा धरू नये. किमान तीन हंगामांचे आकडे शेजारी ठेवून पाहावेत. पाऊस आणि भाव दर वर्षी वेगळे असतात.

३. दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणजे एक दुसरीचे कारण झाली असे नाही. कारण शोधण्यासाठी वरीलप्रमाणे प्रयोग करावा.

४. आपल्या मालाचा भाव बाजाराच्या सर्वसाधारण भावाहून नेहमीच कमी येत असेल तर प्रतवारी, वाळवण आणि भरणी यांकडे लक्ष द्यावे. एखाद्या दिवशीच कमी आला तर तो योगायोग असू शकतो.

५. २०२२ च्या अखेरीपासून प्रश्नाला उत्तर देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांसाठी खुली झाली आहेत. ती मराठीतही चालतात. खतावणीचे सूत्र लिहून घेण्यास आणि नोंदी पीकवार लावून घेण्यास ती उपयोगी आहेत. परंतु ती कधी कधी चुकीचे उत्तरही मोठ्या आत्मविश्वासाने देतात. औषधाची मात्रा, शिफारशी आणि भाव यांची खात्री कृषी विज्ञान केंद्र, कृषी विद्यापीठ किंवा बाजार समितीकडून करून घ्यावी. बेरीज एकदा स्वतः तपासावी.

६. आपला आकडा ही आपली मालमत्ता आहे. एखादे विनामूल्य ॲप सातबारा, आधार क्रमांक, पीक व उत्पादन यांची माहिती मागत असेल तर ती कशासाठी हवी आणि कोणाला दिली जाणार, हे विचारावे. वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आहे. तरीही पहिली काळजी आपणच घ्यावयाची आहे.

सुरुवात कशी करावी?

सगळ्या पिकांचा हिशेब एकदम सुरू करू नये. तो टिकत नाही. येत्या हंगामात एकच नगदी पीक आणि त्याचे दोन तुकडे निवडावेत. रोज संध्याकाळी पाच मिनिटे नोंदीसाठी ठेवावीत. घरातील एकाच व्यक्तीकडे हे काम सोपवावे. हंगाम संपला की घरातील सर्वांनी एकत्र बसून तक्ता क्र. १ प्रमाणे मांडणी करावी. शेतकरी गटात किंवा उत्पादक कंपनीत असाल तर दहा-बारा जणांनी एकाच नमुन्यात नोंदी ठेवून क्विंटलचा खर्च एकमेकांशी ताडून पाहावा. गावातच, सारख्याच जमिनीत, सारख्याच बाजारासाठी एकाचा खर्च ९०० आणि दुसऱ्याचा १,२०० का, या प्रश्नाच्या उत्तरातून जे शिकावयास मिळते ते बाहेरच्या कोणत्याही पाहणीतून मिळणार नाही.

कर्जासाठी बँकेत जाताना, खंडाने जमीन घेताना, व्यापाऱ्याशी बोलताना आणि भावासाठी मागणी करतानाही हाच आकडा कामास येतो. 'परवडत नाही' असे म्हणण्यापेक्षा 'मला क्विंटलला १,२२७ रुपये खर्च आला, ही पाहा नोंद' असे म्हणण्यात अधिक बळ आहे. फिशर यांच्या काळी जे काम मोठ्या संशोधन केंद्रातच होऊ शकत असे, ते आज ओट्यावर बसून करता येते. त्यासाठी लागणारा पहिला आकडा मात्र बांधावरूनच यावा लागेल. तो आजच्या तारखेपासून लिहिण्यास सुरुवात करावी.